ट्रेंटनची खुर्ची

"पडलास तर मला हातगाडीत बसवायचं आणि मैदानाला फेरी मारायची," एझल म्हणाला. "तीही डोक्यावर बायकांची झालरीची टोपी घालून!"

"आणि निवडून आलो, तर तू मला ढकलायचंस," गॅरेट म्हणाला. "टोपी तुझ्या बायकोची."

खानावळीत हशा पिकला. एझल खानावळीचा मालक, गॅरेट शेजारचा पिंपं बनवणारा. घरं भिंतीला भिंत लागून, पण पक्ष वेगळे. इंग्लंडच्या राजाला हाकलून अजून पुरती एक पिढीही झाली नव्हती, पण गावाला निवडणुकीची भारी चटक लागली होती. यंदा तर गॅरेट स्वतःच ट्रेंटनला भरणाऱ्या न्यू जर्सीच्या विधानसभेला उभा होता. समोर गिरणीवाला.

दुसऱ्या दिवशी तो हुल्डाबाईच्या सफरचंदाच्या मळ्यात पिंपं पोचवायला गेला. हुल्डाबाई विधवा. तिचा नवरा जहाजावर असायचा. गावानं त्याला जेवढा पाहिला, त्याहून जास्त तिनंही पाहिला नसेल.

"बाई, तिसऱ्यांदा विचारतोय," गॅरेट म्हणाला. "आता तरी हो म्हणा."

"आज लग्न केलं तर मळा तुझ्या नावावर, आणि माझं मत गेलं मातीत. मळा नावावर आहे तोवर विधवेला मत देऊ देतात. नवऱ्यावालीला कोण विचारतं? मतदान होऊ दे. मग सांगते."

गॅरेटला आतून गुदगुल्या झाल्या. बाई आपल्यासाठी मत राखून ठेवतेय!

"आलास निवडून, तर ट्रेंटनला किती राहायचं?" तिनं विचारलं.

"पुष्कळ!" गॅरेटनं छाती फुगवली. "पार बर्फ वितळेपर्यंत. मोठी माणसं, मोठी कामं."

"बरं," ती म्हणाली आणि किडकी सफरचंदं बाजूला काढत राहिली.

मतदानाच्या दिवशी गॅरेटनं तिला स्वतःच्या घोडागाडीतून आणलं. हात देऊन उतरवलं. सगळा गाव बघत होता. बाईनं घडी घातलेली चिठ्ठी पेटीत टाकली आणि गॅरेटकडे बघून गोड हसली.

गॅरेटनं एझलला डोळा मारला. "आपलं एक पक्कं."

"एकानं काय होतंय, लेका?" एझल म्हणाला. "टोपी धुऊन ठेवलीय मी."

मोजणी झाली. पुन्हा मोजली. गॅरेट एका मतानं पडला.

त्याचा चेहरा पडलेला बघून एझलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. क्षणभरच. मग त्यानं ढोलवाल्याला हाक मारली.

"गावच्या न्हाव्यानंच दगा दिला," गॅरेट टोपीची नाडी हनुवटीखाली बांधत पुटपुटला. "माझी फुकटची सफरचंदाची दारू ढोसली आणि मत दिलं गिरणीवाल्याला. बघतो त्याच्याकडे."

"आधी गाडीकडे बघ," एझल हातगाडीत मांडी घालत म्हणाला. "आणि सावकाश हं. पोटात जेवण आहे."

ढोल वाजला. पोरं ओरडत मागे लागली. कुणी म्हणालं, "वहिनी, जरा हळू!" कुणी टोपीची झालर ओढली. गॅरेट मान खाली घालून ढकलत राहिला. सगळ्यांनी बघितलं तरी चालेल, पण तिनं बघू नये, एवढंच त्याला वाटत होतं. खुर्ची तर गेलीच. आता हे ध्यान बघून ती कशाला हो म्हणतेय?

अर्धी फेरी झाली आणि गर्दीतून नेमकी हुल्डाबाईच पुढे आली. गाडीला आडवी उभी राहिली. ढोल थांबला.

"बाई, नका बघू," गॅरेट म्हणाला. "सगळं त्या न्हाव्यामुळे..."

"त्या बिचाऱ्याला शिव्या देऊ नकोस," तिनं त्याची तिरकी झालेली टोपी सरळ केली. "ते मत माझं होतं. घरी न राहणारा नवरा एकदा करून झालाय माझा. आता बोल, लग्न कधी करायचं?"