इटलीला पाठवायचा फोटो

“पूस तो,” प्रोफिरा म्हणाली. “यात पोरगी रडतेय.”

“रडतेच आहे ती, आई,” ग्रिगोरे म्हणाला. फोनमध्ये मागं जत्रेतला साखळ्यांचा पाळणा दिव्यांनी पेटलेला होता आणि पुढं त्याची सहा वर्षांची मिरुना नाक ओढत उभी होती. “वियोरिकानं आजच्या जत्रेतला फोटो मागितलाय. आहे तसा पाठवू.”

“आहे तसा? तिकडं इटलीत दुसऱ्याची म्हातारी सांभाळता सांभाळता तिनं बघावं, की इथं सुतक पडलंय? जाताना काय म्हणाली तुझी बायको? ‘आई, तुम्हाला एकटीला झेपेल ना?’ मला विचारते. तुला न् तुझ्या बापाला ज्या बाईनं वळण लावलं, तिला. पूस म्हणते ना.”

ग्रिगोरेनं पुसला.

मग प्रोफिरानं हात चालवला. डोक्यावरच्या रुमालाचं टोक थुंकीनं ओलं करून पोरीचं तोंड पुसलं. केस चापून बसवले, गालांना चिमटे काढून लाली आणली. आल्या-मधाच्या बिस्किटांचा ठेला होता, तिथून साखरेच्या नक्षीचं, बदामाच्या आकाराचं तांबडं बिस्किट घेऊन तिच्या गळ्यात अडकवलं. बायको इटलीला गेल्यापासून ग्रिगोरे दाढी करायलाच विसरला होता. त्याच्या हातात द्राक्षाच्या ताज्या रसाचा पेला दिला आणि तो हनुवटीशी धरायला लावला.

“आजी, आई कधी येणार?” मिरुनानं विचारलं.

“हसलीस तर येईल. दात दाखव. अजून.”

मिरुना हसली. तिघांचा फोटो ठेलेवालीनं काढून दिला आणि फोन परत देताना म्हणाली, “नशीबवान घर आहे बाई तुमचं.”

“आमच्याकडं कशाची कमी नाही,” प्रोफिरा म्हणाली.

फोटो गेला. पाळणा थांबला, माणसं उतरली, नवी चढली. तेवढ्यात वियोरिकाचा निरोप आला, तिच्याच आवाजात. प्रोफिरानं फोन ओढून घेतला आणि आवाज मोठा केला. ठेलेवालीलाही ऐकू दे.

“आई, किती छान दिसताय सगळे. मिरुना हसतेय. मला वाटायचं पोर झुरत असेल, रात्री डोळा लागायचा नाही. रविवारच्या बसचं तिकीट काढलं होतं मी, बॅग भरून ठेवली होती. म्हटलं, आधी एकदा फोटो बघू. आता बघितला. माझ्यावाचून काही अडलेलं नाही तुमचं. मालकिणीला सांगून आले आत्ताच, अजून दोन वर्षं राहते म्हणून.” पुढं नुसता श्वास ऐकू आला. मग तोही तुटला.

ठेलेवाली उगाच ठेल्यावरचे बिस्किटांचे बदाम सारखे करायला लागली.

“फोन लाव तिला,” ग्रिगोरे म्हणाला. “ये म्हण.”

“मी म्हणू?”

“एवढाच शब्द आहे, आई.”

प्रोफिरानं तोंड उघडलं. तो शब्द तिनं आजवर कुणापुढं काढला नव्हता. नवरा रुसून भावाकडं जाऊन बसला होता, तेव्हाही नाही. तिनं तोंड मिटलं.

“तू फोटो काढ,” ती म्हणाली.

तिनं पोरीच्या गळ्यातला बदाम ओढून काढला. मघाशी चापून बसवलेले केस दोन्ही हातांनी विस्कटले. मुलाच्या हातातला पेला हिसकून जमिनीवर ओतला.

“मिरुना, उभी राहा इथं. आता रड.”

मिरुनानं आजीकडं पाहिलं. आजीचे डोळे असे भरलेले तिनं कधी पाहिले नव्हते. ती घाबरली. पण तिला आई यायला हवी होती. म्हणून अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ती हसली.