तृप्तीचा बाक

“मॅडम, माझी ॲडमिशन रद्द करून द्या,” तृप्ती मडावी फोनवर म्हणाली. “एटापल्लीत घरी बसून मोबाइलवर एमबीए करतेय मी. आपलं कॉलेज दिसतं कसं, तेसुद्धा मला माहीत नाही.”

फोन नागपुरातल्या त्या कॉलेजच्या संचालक डॉ. नीलाक्षी घटाटे यांनी घेतला होता. कोरोनात कॉलेज बंद पडलं, तरी त्यांनी ऑनलाइन एकही तास बुडू दिला नव्हता. सगळीकडे कौतुक झालं होतं. पण यंदाच्या एकाही मुलाला त्यांनी समोर पाहिलेलं नव्हतं.

व्हिडिओ कॉल लावून त्या केबिनबाहेर पडल्या. आधी ग्रंथालय दाखवलं, मग कॅन्टीनमध्ये एकावर एक रचून ठेवलेल्या खुर्च्या. शेवटी वर्गाचं दार ढकललं. बाकांवर धूळ साचली होती.

“यातला माझा बाक कोणता असता हो, मॅडम?”

“तुला कोणता हवाय?”

“खिडकीजवळचा.”

मॅडमनी पदरानंच तो बाक पुसला.

“तिथं आवाज असतो का खूप?”

“असतो गं. इतका, की मला केबिनचं दार लावून घ्यावं लागायचं.”

तृप्ती हळूच म्हणाली, “उद्या तासाला येते मी, मॅडम.”

“ये,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. पण केबिनमध्ये परतायला पाय उचलेना. त्या तिथंच बाकावर बसल्या आणि आता कुणीतरी उशिरा धावत येईल, ‘आत येऊ का’ विचारेल, असं वाटून दाराकडे बघत राहिल्या.