उणे अठ्ठावीस

किडनीच्या आजारानं पांढरीफटक पडलेली जिल्दिज तीन महिने घरीच रक्तवाढीची हार्मोन इंजेक्शनं घेत होती, तरी हिमोग्लोबिन सातावरच. "सून मुळातच आळशी," सासूनं निदान केलं. किर्गिझस्तानातल्या नारीन गावच्या दवाखान्यातून आलेली नर्स सासूवर भडकली. "आपा, इंजेक्शनं ठेवता कुठे?" "बाल्कनीत, घोड्याच्या मटणाशेजारी. बाहेर उणे अठ्ठावीस, मटणाचा दगड होतो!" "हे औषध गार ठेवायचं, गोठवायचं नाही! गोठलं की मेलं. तुम्ही पोरीला तीन महिने नुसतं पाणी टोचलंत! फ्रिज नाही का?" "आहे की. हिवाळ्यात फ्रिज कोण लावतं? त्यात पाहुण्यांचे प्याले ठेवलेत." सासूसमोर कधी मान वर न केलेली जिल्दिज भिंत धरून उठली. तिनं प्याले बाल्कनीत नेले, फ्रिज सुरू केला, नर्सनं आणलेली नवी इंजेक्शनं आत ठेवली. "अगं, पाहुणे आले तर?" "कोट घालून यायला सांगा."