दोष आढळला नाही

हार्मोनियम दुरुस्तीच्या दुकानात दुपारचा चहा घेताना मेस्त्रींनी फोन सांभाळणाऱ्या यंत्राला विचारलं, "आज कुणाकुणाचे फोन?"

"तीन. दोन पेट्या उद्या येतील. वत्सलाबाई सामंतांनी पेटी फोनजवळ वाजवली. मी स्वर न् स्वर तपासला. दोष आढळला नाही, असं सांगून फोन ठेवला. या महिन्यात तिसऱ्यांदा."

मेस्त्रींचा पेला हातातच राहिला. पूर्वी ते स्वतः फोन घेत, तेव्हाही बाईंच्या पेटीत दोष नसेच. यजमान गेल्यापासून घरात ऐकणारं कुणी नव्हतं, एवढंच. मेस्त्री हातातलं काम बाजूला ठेवून अख्खं भजन ऐकत आणि म्हणत, "आता बरी बोलतेय. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू."

त्यांनी घाईघाईने स्वतःच नंबर लावला.

"पुन्हा तोच शहाणा का?" बाई कडाडल्या. "माझ्या पेटीला काही झालं नाही म्हणतो!"

"मी मेस्त्री, वहिनी. त्याचा कान अजून तयार व्हायचाय. कुठला सूर बिघडलाय?"

पलीकडे बाईंनी पेटी पुढ्यात ओढल्याचा आवाज आला.

"सगळेच," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत ऐकावं लागेल."