चौघांच्या वाटची गोळी

रविवारी सकाळी अद्वय थर्मासमध्ये दूध आणि खिशात ड जीवनसत्त्वाची गोळी घेऊन शर्वाणीच्या भाड्याच्या खोलीवर आला. त्यांचा घटस्फोट शुक्रवारीच झाला होता.

त्याने गोळी तिच्या हातावर ठेवली. "घे लवकर. आईच्या शिंका थांबत नाहीयेत. बाबांना कणकण आहे."

"मी आता तुमच्या घरातली नाही."

"कोर्टाने लग्न तोडलं. कानामागची चिप काढायला महिना लागतो. तोवर तू घेतलेली आम्हाला पोचते."

लग्नात तिची चिप सासरच्या तिघांच्या चिपशी जोडली होती. तेव्हापासून गोळी शर्वाणीच घ्यायची आणि प्रतिकारशक्ती चौघांची टिकायची. एकीने उपवास करायचा, पुण्य घराला.

"पाकिटावर लिहिलंय, घरातल्या कुणीही एकाने घ्यावी," ती म्हणाली. "तू घे की."

"आमच्याकडे पुरुषाने घेतलेली लागू पडत नाही."

"कुणी सांगितलं?"

अद्वयने विचार केला. "कुणी घेऊनच बघितली नाही."

तिने गोळी त्याच्या तळहातावर परत ठेवली. त्याने डोळे मिटून ती दुधाबरोबर गिळली. थोड्या वेळाने आईचा फोन आला. तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"थांबल्या रे शिंका. घेतली ना शर्वाणीने? शेवटी बाईचाच जीव तुटतो."

अद्वयने शर्वाणीकडे पाहिलं.

"हो आई. दूधही सगळं प्यायली."

फोन ठेवून त्याने थर्मासचं झाकण लावलं. "पुढच्या रविवारीही इथेच येऊन घेतो. घरी कळायला नको."

"मग दूध जास्त आण," शर्वाणी म्हणाली. "मला चहाला लागतं."