मानेवाड्यापर्यंतची मुलगी

"मानेवाडा चौकापर्यंत माझी मुलगी व्हाल का तुम्ही?" शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, तेव्हा सुनयनाला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

नागपूरची ती शहर बस दुपारची जवळपास रिकामीच होती. गृहस्थ म्हणजे इंगोले, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. मुलीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं म्हणून चार वर्षं ते तिच्याशी बोलले नव्हते. आज ती त्यांना घ्यायला स्टॉपवर येणार होती. "काय बोलायचं ते पाठ केलंय, पण समोर कोणी असल्याशिवाय जमत नाही," ते म्हणाले.

सुनयना त्यांच्याकडे वळून बसली. "बोला, बाबा."

"बेटा, त्या वेळची परिस्थितीच अशी होती की..."

"परिस्थितीचं नको. तुमचं सांगा."

मास्तरांनी पुढच्या सीटचा दांडा धरला. मग हळूच म्हणाले, "माझं चुकलं. तुझ्या लग्नाला मी यायला पाहिजे होतं."

सुनयनाचेच डोळे भरून आले. "बस, एवढंच म्हणा."

चौकात बस थांबली. खाली उतरून लेकीला समोर बघताच मास्तर सगळं विसरले. गोंधळून त्यांनी बसच्या खिडकीकडे बोट केलं. "त्या ताईंना सांगितलंय मी सगळं."

मुलीनं वर पाहिलं. बस हलली, तशी सुनयना खिडकीतून मोठ्यानं म्हणाली, "माझं चुकलं, असं म्हणताहेत ते."

मुलीनं बापाच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि आपल्या खांद्याला लावली.