सुटलेला तिसरा स्ट्राइक

बॅट फिरली, पण चेंडू लागला नाही. तिसरा स्ट्राइक. चेंडू बॅटरमागे बसलेल्या कॅचरलाही पकडता आला नाही. तो तिच्या ग्लव्हला घासून मागच्या जाळीपर्यंत गेला.

बॅटर पहिल्या बेसकडे सुटली. तिसऱ्या बेसवरची मुलगी होम प्लेटवर आली. अंपायर काळूराम तरेंनी दोन्ही हात आडवे पसरले. सेफ.

समोरच्या संघाचे सर तावातावानं मैदानात आले. तीन स्ट्राइक म्हणजे बॅटर आउट, आणि पहिल्या बेसवर खेळाडू असताना तर तिला पळताच येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. काळूरामांनी त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग सांगितलं की एक आउट असता तर सरांचं बरोबर होतं. आता दोन आउट आहेत. दोन आउट असताना पहिला बेस भरलेला असो की रिकामा, कॅचरनं तिसरा स्ट्राइक सोडला की बॅटर पळू शकते. सरांनी पुस्तक मागितलं. काळूरामांनी ते खिशातून काढलं आणि नेमकं तेच पान उघडून दिलं. शोधावं लागलं नाही.

आठवडाभर गोडाऊनमध्ये सुपरवायझर आणि रविवारी हौसेचे अंपायर. भिवंडीत कुणाचं सॉफ्टबॉलच्या नियमावर अडलं की फोन काळूरामांनाच यायचा. माणूस नियमांचा पक्का, असं लोक म्हणायचे.

बारा वर्षांपूर्वी ते पक्के नव्हते.

मुलींची जिल्ह्याची फायनल होती, याच मैदानावर. शेवटची इनिंग, दोन आउट. नारपोलीच्या शाळेचा संघ एका रनानं मागे आणि त्यांची एक मुलगी तिसऱ्या बेसवर. बॅटरचा तिसरा स्ट्राइक गेला आणि चेंडू कॅचरच्या ग्लव्हमधून सुटून मातीत पडला. काळूरामांनी तो पडताना पाहिला. तरी सवयीनं मूठ वर केली. आउट. बॅटर दोन पावलं पळाली होती, ती मूठ बघून थांबली. कॅचरनं चेंडू उचलला, तिचा संघ ओरडत तिच्याकडे धावला, फोटो निघाले. हरकत कुणीच घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी गोडाऊनमध्ये डबा खाताना त्यांनी सहज नियमांचं पुस्तक उघडलं, दोन आउटचा नियम वाचला आणि घास हातातच राहिला.

जिंकलेल्या संघातल्या तिघी स्टेटला गेल्या. नारपोलीची एकही गेली नाही. पुढे नारपोलीचा तो संघच मोडला, एवढंच काळूरामांच्या कानावर आलं. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

पण ती बॅटर काही त्यांना सोडून गेली नाही. सामन्यात तिसरा स्ट्राइक झाला की होम प्लेटपासून दोन पावलांवर ती उभी दिसायची. हेल्मेटखाली चेहरा कळायचा नाही. नुसती थांबलेली, त्यांच्या मुठीकडे बघत. कधी ती गोडाऊनच्या रॅकांमध्ये दिसायची, कधी धामणकर नाक्यावर शेअर रिक्षाच्या रांगेत. बायकोनं, कमळानं, एकदा विचारलंही, मधेच थांबून कोणाला बघताय. कोणाला न्हाय, असं म्हणून ते पुढे चालत राहिले होते.

आजही ती होती. बरोबर निर्णय दिल्यावरही होती.

सामना नारपोलीच्या शाळेच्या नव्या संघानं जिंकला. मुली टेम्पोकडे गेल्यावर त्यांच्या मॅडम चहाचे दोन कप घेऊन काळूरामांकडे आल्या. दिपाली मॅडम, शाळेत यंदाच लागलेल्या खेळाच्या शिक्षिका. वय तिशीच्या आतलं. निर्णय बरोबर होता, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं,

"सर, बारा वर्षांपूर्वीची फायनल आठवते? मी खेळले होते त्यात."

काळूरामांनी चहाचा कप खाली ठेवला. बारा वर्षं ते त्या हेल्मेटखाली एक चेहरा शोधत होते. त्यांनी मॅडमकडे नीट पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, डोळे त्यांच्यावरच लागलेले.

त्यांनी सगळं सांगून टाकलं. चेंडू पडलेला पाहिला होता, मूठ कशी वर गेली ते आजही कळत नाही, कळलं तेव्हा तोंड उघडायची हिंमत झाली नाही. बोलता बोलता त्यांनी पुस्तकाच्या मागच्या पानांतून घडी घातलेला कागद काढला. जिल्हा संघटनेच्या नावानं लिहिलेला, खाली सही केलेला. 'चेंडू जमिनीवर पडला होता. माझा निर्णय चुकीचा होता.' कितीतरी वर्षं तो तिथेच होता.

"तुम्ही बोललात तर उद्याच नेऊन देतो," ते म्हणाले.

मॅडमनी कागद दोनदा वाचला.

"हे अजून कुणाला माहीत आहे?"

"कोणालाच न्हाय."

"नंतर कुणी विचारायला आलं होतं?"

"न्हाय."

मॅडमनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि चेन लावली.

"मग राहू दे हा माझ्याकडे."

काळूरामांना वाटलं, छातीवरचं काहीतरी उतरलं. त्यांनी होम प्लेटकडे पाहिलं. उन्हात नुसती माती होती. तिथे कुणी उभं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. आपल्या मुलीच्या वयाच्या त्या बाईसमोर त्यांनी हात जोडले.

"तुमचं स्टेट माझ्यामुळे गेलं, मॅडम. मला माफ करा."

दिपाली मॅडमनी काळूरामांचे जोडलेले हात धरून खाली केले.

"स्टेटला मी गेले होते, सर," त्या म्हणाल्या. "मी कॅचर होते."